मार्लवाईची पाटी

हैदराबाद संस्थानाचा इतिहास आपण मराठी माणसे वाचतो तो बहुधा नांदेड, उमरी, परभणी, औरंगाबाद या वाटेने. स्वामी रामानंद तीर्थ, सत्याग्रह, रझाकार, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई हे टप्पे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. परंतु याच संस्थानाच्या उत्तर टोकाला, पैनगंगा आणि वर्धा यांच्या दक्षिणेला व गोदावरीच्या उत्तरेला, सागवानाच्या रानात एक वेगळा इतिहास घडत होता. त्यात मराठी होती, मराठी माणसेही होती. आपल्या पुस्तकांत मात्र तो क्वचितच आला. त्या रानातल्या मार्लवाई नावाच्या गोंडांच्या खेड्यात १९४३ साली शिक्षणाचे एक केंद्र निघाले. तिथे पाटीवर उमटणारी भाषा गोंडी होती आणि अक्षरे देवनागरी होती. ती पाटी कशी लिहिली गेली आणि कशी पुसली गेली, हे सीमेवर राहणाऱ्या आपण लोकांनी समजून घेणे जरूर आहे.

मार्लवाई तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या उटनूर भागात होते; आज ते तेलंगणातल्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या जैनूर मंडलात येते. रान म्हटले की बारमाही हिरवे, पावसात बुडालेले अरण्य डोळ्यांपुढे येते. हे तसे नव्हे. हे पानझडीचे जंगल. साग, ऐन, मोह, तेंदू, चारोळी आणि डोंगरउतारावर बांबू. उन्हाळ्यात सारे रान खंगून जाते आणि मृग बरसला की पंधरा दिवसांत वाट दिसेनाशी होते. ओढे भरले की पूर्वी गावे जगापासून तुटत. पोटासाठी ज्वारी, विकण्यासाठी तीळ आणि कापूस, आणि वर्षाच्या अडचणीच्या महिन्यांत मोहफुलांचा आधार, असा तिथला हिशेब होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आदिलाबादचे राजगोंड हे केवळ शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारे लोक कधीच नव्हते. ते नांगर धरणारे शेतकरी. चांद्याला त्यांचे राज्य होते, माणिकगडाला किल्ला होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि गोंड सरदारांचा वरचा आधार तुटला. तरीही खालची समाजरचना शाबूत राहिली. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा चार सगांत सारा समाज विभागलेला. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न किती देवांचे, हाच. चंद्रपूर, यवतमाळ, किनवटकडच्या वाचकांना ही गणना नवी नाही. पैनगंगा ओलांडून मुली दिल्या जात, आणल्या जात. त्या काळी नदी म्हणजे सरहद्द नव्हती, वाटेतले पाणी होते.

गोंडांच्या कुळांच्या गाथा जपणारे त्यांचे भाट म्हणजे परधान. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी. चुलीपाशी मराठी बोलणारा हा माणूस यजमानाच्या अंगणात किकरीवर गज फिरवू लागला की गोंडीतून गाऊ लागे. म्हणजे गोंडांच्या देवादिकांचा आणि पूर्वजांचा सगळा इतिहास कैक पिढ्या ज्यांच्या कंठात राहिला, त्यांची मायबोली मराठी होती. दोन भाषांचा असा शेजार आपल्याकडे आणखी कुठे सापडेल?

जोडेघाट

एकोणिसशे दहाच्या पुढे संस्थानाच्या जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखायला सुरुवात केली. लाकडाला भाव होता. काझीपेठ-बल्लारशा रेल्वे १९२९ च्या सुमारास पुरी झाली आणि रानाच्या तोंडाशी बाजार आला. १९३८ साली सिरपूरला कागद कारखान्याची कंपनी निघाली. १९४२ मध्ये तिथे कागद होऊ लागला. बांबूला गिऱ्हाईक मिळाले. रेल्वेबरोबर व्यापारी आले, सावकार आले, पडीक जमिनीच्या शोधात शेतकरी आले.

गोंडांची शेती बहुतेक ‘शिवाय-जमाबंदी’ची. म्हणजे सरकार सारा घेई, परंतु पट्टा देत नसे. वहिवाट आजोबाची, कागद कोणाचाच नाही. पूर्वी कागदाची गरजही नव्हती, कारण एका जागची जमीन थकली की दुसरीकडे वसाहत हलवायला रान मोकळे होते. राखीव जंगलाची रेषा आली आणि हलण्याची वाट बंद झाली. ज्याला अर्ज कसा करावा, पटवाऱ्याला कसे भेटावे, कोणत्या कचेरीत किती द्यावे हे ठाऊक, त्याच्या नावे पट्टे झाले. दफ्तर उर्दूत, सावकाराची वही मराठीत नाहीतर तेलुगूत. नांगर धरणाऱ्याला तीनही वाचता येत नव्हत्या. अंगठा मात्र तिन्हीकडे चालत होता.

या परिस्थितीतून कुमरम भीम उभा राहिला. आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा हा गोंड तरुण. चांद्याला छापखान्यात काम करताना त्याला अक्षरओळख झाली, पुढे तो आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत जाऊन आला, असे त्याच्याविषयी सांगतात. बाबेझरी, जोडेघाट या भागात गोंड आणि कोलामांनी रान साफ करून शेते केली होती. जंगल खात्याने ती उठवायला घेतली. भीमाची मागणी बारा गावांपुरती होती : ही जमीन आमची, इथे आम्हाला राहू द्या. १९४० साली पोलिसांनी जोडेघाटला गोळीबार केला आणि भीम साथीदारांसह मारला गेला. त्याची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपल्या घरांत कोजागिरीचे दूध आटत असते त्या रात्रीच्या आसपास जोडेघाटला त्याचे लोक जमलेले असतात.

शत्रुराष्ट्राचा नागरिक

भीम गेला, पण हैदराबादच्या सरकारला धक्का बसला. हे लोक बिथरले का, हे शोधण्याचे काम ज्याच्याकडे आले तो माणूस योगायोगानेच हैदराबादेत होता. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म व्हिएन्ना, १९०९. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा त्याच्याजवळ जर्मन पारपत्र होते; म्हणजे इंग्रजांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा नागरिक. निजाम सरकारातले महसूल अधिकारी थिओडोर टास्कर यांच्या ओळखीमुळे त्याला छावणीत न डांबता संस्थानाच्या हद्दीत राहू दिले. हद्द सोडायची नाही, एवढी अट. त्या अटीचा त्याने उपयोग करून घेतला. आधी नल्लमलाच्या रानात चेंचूंचा, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींचा अभ्यास झाला. आणि १९४१ च्या सुमारास पत्नी बेटी एलिझाबेथ हिच्यासह तो मार्लवाईला येऊन गवताच्या झोपडीत राहिला. गावचे पटेल लच्छू. हायमेनडॉर्फ दांपत्याने पुढे आपल्या मुलाला त्यांचेच नाव दिले, यावरून हा घरोबा किती होता ते दिसते.

हायमेनडॉर्फ यांनी गोळा केलेली माहिती हैदराबादेत कोणी वाचलीच नसती, तर कपाटात पडून राहिली असती. ती वाचणारा भेटला, हे मार्लवाईचे भाग्य. महसूल खात्यावर विल्फ्रिड ग्रिगसन आले होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेला हा आय.सी.एस. अधिकारी. त्यांच्या काळात जमिनीचे नियम बदलले. लिलावाने जमीन देण्याऐवजी कसणाऱ्या आदिवासीला विनामूल्य पट्टा देण्याची तरतूद झाली आणि पाहणी करून हजारो कुटुंबांच्या नावे पट्टे चढले. १९४५ साली हायमेनडॉर्फ आदिवासी व मागास वर्गांसाठी निजाम सरकारचे सल्लागार नेमले गेले. केस्लापूरला पौष अमावास्येला मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. तिथे अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी समक्ष ऐकावीत, हा दरबारही त्यांच्याच सूचनेने सुरू झाला.

निजामाच्या सरकारला एकाएकी दया उपजली, असे मानण्याचे कारण नाही. जोडेघाट पुन्हा घडू नये, हा हिशेब उघड होता. परंतु हेतू कोणताही असो, ज्याच्या हाती पट्टा आला त्याचे नातवंड आजही ती जमीन कसत असेल, तर तेवढ्यापुरते काम खरे झाले असेच म्हटले पाहिजे.

गोंडी, देवनागरीत

पट्टा मिळाला तरी तो वाचणार कोण? हा प्रश्न हायमेनडॉर्फ आणि ग्रिगसन यांच्या लवकर ध्यानात आला. १९४३ मध्ये मार्लवाईला शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. बाहेरचा मास्तर रानात टिकत नाही आणि टिकला तरी त्याची भाषा मुलांना कळत नाही; तेव्हा गोंड तरुणच शिकवून त्यांचे शिक्षक करायचे, असे ठरले. गोंडांत साक्षर जवळजवळ नव्हतेच. जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते त्यांना येत होती मराठी. म्हणून गोंडी लिहायला देवनागरी घेतली. यात कोणतेही धोरण नव्हते, गाजावाजा नव्हता. जवळ जी अक्षरे होती ती उचलली. गोंडी वाचनपाठ तयार झाले. केंद्रातून बाहेर पडलेले तरुण आसपासच्या गावांत मास्तर झाले, काही पुढे पटवारी आणि कारकून झाले. अंगठे घेणाऱ्या दफ्तराच्या आत पहिल्यांदाच एक गोंड बसला.

या कामात एक मराठी नाव आदराने घेतले पाहिजे. निलंग्यात जन्मलेले, पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबादच्या मुलकी सेवेत होते आणि आदिलाबादच्या आदिवासींच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. ते गोंडी शिकले. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गोंडीचे व्याकरण लिहिले. शिवकाल आणि मोगल दरबाराची कागदपत्रे वाचणारे पगडी आपल्याला ठाऊक असतात. रानातल्या शेतकऱ्याची भाषा बसून शिकणारे पगडी फारसे ठाऊक नसतात. एखाद्या अधिकाऱ्याने ज्यांच्यावर अधिकार चालवायचा त्यांची बोली शिकणे ही गोष्ट त्या वेळी दुर्मिळ होती, आजही आहे.

नकाशा फाटला तेव्हा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आपल्या पाच मराठी जिल्ह्यांसाठी तो आनंदाचा दिवस होता आणि त्यात वावगे काही नाही. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा मराठी बाजूला आले. राजुरा आधी नांदेडला जोडले आणि १९५९ मध्ये चांद्याला. आदिलाबाद, उटनूर, आसिफाबाद आंध्र प्रदेशात राहिले. गावागावांत मराठी किती, तेलुगू किती याची मोजदाद झाली, अर्जविनंत्या झाल्या, सभा झाल्या. गोंडीचा पक्ष घेऊन बोलायला त्या मोजदादीत कोणी नव्हते. भाषावार प्रांतरचनेत जिच्या नावाचा प्रांत नाही ती भाषा हिशेबात धरली जात नाही, हे तिथे दिसून आले.

याचा परिणाम शाळेत उतरला. किनवटच्या गोंड मुलापुढे मराठी आली, उटनूरच्या मुलापुढे तेलुगू. आंध्रच्या बाजूला मास्तर तेलुगू जाणणारा हवा झाला. मार्लवाईत शिकलेले शिक्षक मराठी अक्षरांचे, ते मागे पडत गेले. देवनागरीतली गोंडी पुस्तके निकामी ठरली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हायमेनडॉर्फ पुन्हा या गावांत फिरले तेव्हा गोंडीतून शिकवणे थांबलेले होते. त्यांच्या १९८२ च्या पुस्तकात या सगळ्याचा खेद आहे.

एकाच मांडवातले दोन मामेभाऊ, एक पैनगंगेच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा, शाळेत गेले की एकमेकांना पत्र लिहू शकत नाहीत, अशी ही अवस्था. आपण सीमेवरचे लोक भाषेच्या अन्यायाविषयी पुष्कळ बोलतो. आपली शाळा बंद पडली, आपला फलक उतरवला, आपल्या मुलाला परक्या भाषेत पेपर लिहावा लागला, ही दुःखे खरीच आहेत. ज्यांची भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना परकी ठरली त्यांच्याविषयी बोलताना मात्र आपला आवाज उतरतो.

आपला वाटा

आणखी एक गोष्ट संकोच न धरता लिहायला हवी. गोंडांच्या जमिनी गेल्या त्या घेणाऱ्यांत तेलुगू होते तसे मराठीही होते. रस्ते झाले, कापसाला भाव आला, तसे मराठवाड्याकडून आणि वऱ्हाडाकडून लोक उटनूरच्या पठारावर उतरले. त्यांतले कित्येक स्वतः गरीब, कोरडवाहूला कंटाळलेले. पण कागदाची भाषा त्यांना येत होती.

कायदे नव्हते असे नाही. आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून आंध्रने १९५९ चा विनियम केला, तो १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला, १९७० मध्ये आणखी कडक झाला. पण सावकाराचे कर्ज, बेनामी नाव आणि तारखांवर तारखा यांपुढे तो लुळा पडला. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने तेलंगण भागातले लंबाडी, म्हणजे आपल्याकडचे बंजारा, अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत होते. एकाच तांड्याच्या दोन शाखांना नदीच्या दोन तीरांवर दोन वेगळे दर्जे मिळाले, आणि अलीकडचे अनेक जण पलीकडे गेले. गोंड आणि लंबाडी यांच्यातला हा ताण २०१७ मध्ये उघड संघर्षापर्यंत पोचला. दोघेही कष्टकरी, सरकारी यादीने त्यांना एकमेकांपुढे उभे केले.

या साऱ्याचा स्फोट त्याआधीच एकदा झाला होता. २० एप्रिल १९८१, इंद्रवेल्ली, बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावरच्या सभेला बंदी घातली होती. लोक तरी आले आणि पोलिसांनी गोळी चालवली. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात. तिथल्या हुतात्मा स्तंभापाशी जमायला पुढे अनेक वर्षे त्या तारखेला जमावबंदी असे. जोडेघाटनंतर एक्केचाळीस वर्षांनी, स्वराज्यात, मागणी तीच होती.

पुढची वाट

बेटी एलिझाबेथ १९८७ च्या ११ जानेवारीला हैदराबादेत वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची समाधी मार्लवाईला झाली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले. त्यांची रक्षाही नंतर तिथेच आली. दर ११ जानेवारीला गावकरी आणि अधिकारी त्या समाधीपाशी जमतात.

गाव आता तेव्हाचे राहिलेले नाही. डांबरी रस्ता, वीज, आश्रमशाळा, उटनूरला आदिवासी विकास संस्थेची कचेरी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसलेल्या वनजमिनीवर हक्क मागता येऊ लागला. २०१२ मध्ये कव्वाल व्याघ्र प्रकल्प झाला आणि राखीव रानाच्या रेषेचा जुना प्रश्न नव्या नावाने पुढे आला. याच मार्लवाईचे कनक राजू यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. दिवाळीच्या दिवसांत दंडारीचे मेळे एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, मोरपिसांचा टोप घातलेले घुसाडी नाचतात, यजमान गाव पाहुण्यांना जेवू घालते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ते ढोल वाजत असतील.

आणि भाषा? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख होते. पण ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण असे विखुरलेले. २००४ च्या सुमारास आंध्रने काही शाळांत आदिवासी भाषांतून शिकवण्याचा प्रयोग केला, त्यात गोंडीही होती. या वेळी लिपी तेलुगू. नारनूरजवळच्या गुंजाला गावात गोंडीची स्वतःची जुनी लिपी असलेली हस्तलिखिते सापडली आणि २०१८ मध्ये त्या लिपीला संगणकाच्या जागतिक मानकात जागा मिळाली. म्हणजे १९४३ साली मार्लवाईत देवनागरी उसनी घेतली जात होती, तेव्हा काही कोसांवरच्या एका घरात गोंडीची आपली अक्षरे कापडात गुंडाळून ठेवलेली होती! आपल्या बाजूला, गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. २०२२ मध्ये मान्यता नाही म्हणून तिला नोटीस आली.

जिवती तालुक्याच्या सरहद्दीवर परमडोली, मुकदमगुडा अशी चौदा गावे आहेत, ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनीही दावा सांगितला. कित्येक वर्षे तिथे दोन शिधापत्रिका, दोन मतदार याद्या आणि दोन शाळा, एक मराठी व एक तेलुगू, असा प्रकार चालत आला. वृत्तपत्रांतून त्याची गंमत म्हणून वर्णने आली. त्या दोन शाळांपैकी कोणत्याही एका दारातून पहिल्या दिवशी आत जाणाऱ्या गोंड पोराला मास्तरचे बोलणे कळत नाही, हे त्या वर्णनांत कधी आले नाही.

आपल्या दुभाषी जिल्ह्यांतल्या शाळांत अशी मुले मागच्या बाकावर बसलेली असतात. ती बोलत नाहीत म्हणून मठ्ठ ठरतात आणि चौथी-पाचवीत गळतात. त्यांच्याशी दोन वाक्ये गोंडीत किंवा कोलामीत बोलू शकेल असा एक मास्तर प्रत्येक शाळेत असावा, एवढी मागणी आपण आपल्या मराठी शाळेच्या मागणीबरोबरच करू शकतो. सेतुमाधवरावांनी कचेरी सांभाळून ती भाषा शिकली होती.  त्यांनी तिचे व्याकरणही लिहिले. आपल्यापाशी ते लिहिलेले आहे.